थांबण्याचा गुण

वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं मीं दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार विकत घेतली, ही वार्ता आमच्या भिवंडीच्या कॉलेजांत पसरली, तेव्हां सहकाऱ्यांनीं प्रथम माझ्या प्रकृतीची चौकशी केली. गाडी म्हणजे गोव्यांत तयार झालेली सॅन स्टॉर्म. गेल्या शतकाच्या अखेरीस ती निघाली. फायबरचें अंग आणि पोटांत रेनॉल्टचें लहानसें इंजिन. आतां ती निघत नाहीं. मला मिळाली ती दोन घरें फिरून आलेली. पण आयुष्यभर इंग्रजी कवितेंतले वारे वर्गांत शिकविणाऱ्या माणसाला खरा वारा तोंडावर घेण्याची हौस फिटावयाची, तर ती अशाच एखाद्या गाडींत!

पहिल्याच पावसाळ्यानंतर पुढच्या चाकांचे ब्रेक किंचाळूं लागले. पॅड झिजले होते. पुण्यास असलेल्या माझ्या मुलाला या विषयांतलें कळतें, म्हणून त्याला फोन केला. त्यानें एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुम्ही ही गाडी चालवणार कुठं?"

खरें उत्तर अगदीं सोपें होतें. घरापासून कॉलेजापर्यंत, आणि फार तर रविवारीं वज्रेश्वरीपर्यंत. पण मीं म्हटलें, "घाटांत. आणि वेगानें." वाचकहो, मनुष्य मुलापाशीं खोटें बोलतो तें बहुधा अशाच बिनमहत्त्वाच्या गोष्टींत. त्यानें बिचाऱ्यानें विश्वास ठेवला. जुन्या पॅडाचा नमुना जुळवून शर्यतीच्या गाड्यांना घालतात त्या जातीचे पॅड मिळवून पाठविले. चाकाच्या आंत दडलेली ती वस्तु कोणालाही दिसणार नव्हती. तरी ती बसविल्यावर मी गाडीभोवतीं दोन प्रदक्षिणा घातल्या.

पुढें जानेवारींतली एक सकाळ उजाडली. साडेसातचा तास होता. धुकें आणि रात्रपाळीच्या यंत्रमागांचा खडखडाट यांतून गाडी कल्याण नाक्याकडे निघाली. वेग ताशीं पंचवीस किलोमीटरहून अधिक नसावा. उभ्या ट्रकच्या आडून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, हातांत दुधाची पिशवी घेऊन, एकदम समोर आला. मीं ब्रेकवर पाय दाबला. गाडीनें जणूं क्षणभर विचार केला आणि मग ती थांबली. मुलगा आणि गाडी यांच्यांत वीतभर अंतर उरलें होतें. तो ओरडला नाहीं, रडला नाहीं. त्यानें माझ्याकडे पाहिलें, पिशवी सांभाळली आणि तो गल्लींत दिसेनासा झाला. त्या दिवशीं फळ्यावर लिहितांना माझे हात कांपत होते.

संध्याकाळीं गॅरेजमध्यें मिस्त्रींनीं चाक काढलें, पॅड हातांत धरून पाहिला आणि ते म्हणाले, "सर, हा माल गरम झाल्याशिवाय पकडत नाही. तुमच्या रस्त्यावर तो गरम होणार कधी?"

माझ्या घमेंडीचा निकाल या एका वाक्यानें लागला. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र. वेग दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट होते. शर्यतीच्या मैदानांत डिस्क शेंकडों अंश तापते. तेथें साधा पॅड दगा देतो, म्हणून तापल्यावरच खुलणारें मिश्रण वापरतात. गर्दींत रखडणाऱ्या गाडीची डिस्क मात्र जेमतेम कोमट होते. तेथें तोच उंची पॅड निजलेला असतो, आणि वर डिस्कही खरवडतो.

मग मीं या विषयाचा विद्यार्थी झालों. इंग्लंडांतल्या डर्बीशर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड या गृहस्थानें १८९७ सालीं ब्रेकच्या अस्तरांचा धंदा सुरू केला. उतारावर गाडीवाले लांकडी ब्रेकला जुन्या बुटांचें चामडें लावतात, हें पाहून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. पुढें कित्येक दशकें या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून अनेक देशांनीं त्याला रजा दिली. आतां तंतूंचे, धातुमिश्रित आणि सिरॅमिक असे प्रकार मिळतात. कोणी कमी आवाज करतो, कोणी उष्णता अधिक सोसतो, कोणी चाकावर कमी काजळी सांडतो. सर्व गुण एकाच ठिकाणीं नांदत नाहींत, हा नियम येथेंही लागू आहेच.

परीक्षक म्हणून मला सर्वांत आवडलीं तीं पॅडाच्या कडेवर पुष्कळदां छापलेलीं दोन अक्षरें. पहिलें सामान्य तापमानांतली पकड सांगतें, दुसरें तापल्यावरची. 'एफ' म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे त्याच्यावरची पायरी. मीं दोन्ही ठिकाणीं 'एफ' असलेला साधा, रस्त्यावरचा पॅड घेतला. नाशिकहून परततांना कसारा घाट लागतो, त्याची काळजी होती, मिस्त्री म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरा. सगळं ओझं ब्रेकवर टाकू नका."

रविवारीं पहाटे पडघ्याच्या रस्त्यावर, पुढेंमागें कोणी नाहींसें पाहून, वेग वाढवीत आणि बेतानें कमी करीत नवे पॅड डिस्कवर बसविले. घरीं येऊन मुलाला फोन केला आणि सारें सांगितलें. खोटें बोललों होतों तेंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, त्या मुलाला लागलं नाही ना?"

त्यानंतर मला वारंवार वाटूं लागलें आहे कीं, माझे पुष्कळसे गुण त्या शर्यतीच्या पॅडांसारखे आहेत. वर्गांत वीस मिनिटें गेल्यावर मी रंगतों. भांडण तापून गेल्यावर मला समजूत सुचते. मुलगा दूर गेल्यावर त्याच्याशीं बोलावेंसें वाटतें. पण माणसें आपल्या समोर येतात तीं आपण तापण्याची वाट पाहून नव्हे. तीं धुक्यांतून, ट्रकच्या आडून, हातांत दूध घेऊन येतात.

आतां रोज सकाळीं गाडी बाहेर काढली कीं, वेग घेण्यापूर्वीं मी एकदां उगीचच ब्रेक दाबून पाहतों. शेजारच्या मंडळींना तो म्हातारपणाचा चाळा वाटतो. वाटूं द्या. गाडी लगेच थांबते.