बुटीक हॉटेल आणि काचेचं बाथरूम

बुटीक हॉटेल म्हणजे महागडा संगमरवर, असा आपला एक समज असतो. पण ज्या हॉटेलपासून हे लोण पसरलं, ते न्यूयॉर्कचं 'मॉर्गन्स' मुळात काटकसरीतून घडलं. स्टुडिओ ५४ नाइटक्लबवाल्या इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ते १९८४ मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवर काढलं. बजेट बेताचं, खोल्या लहान. मग फ्रेंच डिझायनर आंद्रे पुतमानबाईंनी बाथरूममध्ये स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स लावल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. पुढे त्याच हॉटेलची ओळख झाल्या!

मी ऑनसाइट असताना आई-बाबा आले होते. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अशाच एका नव्या, स्टायलिश हॉटेलात तीन दिवस राहिलो. बाथरूमला भिंतच नाही, नुसती काच. आई आंघोळीला गेली की मी आणि बाबा लॉबीत. उभी हयात वीज मंडळात काढलेल्या बाबांना दिव्याचं बटण सापडेना. शेवटी हळूच म्हणाले, "हे आपल्यासारख्यांसाठी नाही रे."

ते लागलं. युजरला बटण सापडत नसेल तर बग युजरमध्ये नसतो राव, हे आम्ही रोज ऑफिसात ऐकतो. पुतमानबाईंच्या टाइल्सनी कुणाला परकं केलं नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी दिसणं तेवढं उचललं.

मॉर्गन्स २०१७ मध्ये बंद झालं. असो. आई-बाबा पुन्हा येतायत. यावेळी फोटोत लॉबी नंतर, आधी बाथरूमचं दार बघणार.