जित्याची खोड

आदिलाबादेत कुत्र्यांना वळण लावणाऱ्या माणसाकडे तक्रारी येतात त्या बहुतेक पिल्लू चार महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी सगळं गोड असतं. नागपूरहून नाहीतर हैदराबादहून ४४ क्रमांकाच्या महामार्गाने, कुणाच्या तरी मांडीवर बसून लॅब्राडोरचं पिल्लू येतं. गल्लीतली पोरं जमतात, नाव ठरतं (रॉकी, टायगर, घर फारच हौशी असेल तर ब्रुनो) आणि सुरुवातीचे दिवस फोटो काढण्यात जातात. मग एके सकाळी दारात चप्पल एकटीच सापडते. पाठोपाठ सोफ्याचा कोपरा जातो, चार्जरची वायर जाते, आजोबांच्या चष्म्याची डबी जाते. "आमचं कुत्रं बिघडलं जी," असा निरोप येतो.

बिघडलेलं काही नसतं. पिल्लाचे दुधाचे २८ दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अशा वेळी ओलं फडकं पिळून, पीळ घालून फ्रीजरमध्ये ठेवावं आणि गार झालं की चघळायला द्यावं. एखादं गाजरही चालतं. कोंबडीचं शिजवलेलं हाड मात्र देऊ नये, त्याच्या काचेसारख्या कपच्या होतात आणि घशात, आतड्यात रुततात. आणि "ही जुनी झाली, घे तुला" म्हणून चप्पल तर मुळीच देऊ नये. जुनी कोणती नि लग्नाला घालायची कोणती, हे पिल्लाला कुठून कळणार? त्याला दोन्हींना घरधन्याच्या पायाचा वास येतो, आणि तोच तर त्याला आवडतो.

नुकसान मोजायला बसलेल्या घरांनी अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची गोष्ट ऐकावी. १९३६ साली त्याच्या टोबी नावाच्या सेटर जातीच्या पिल्लाने, रात्री एकटं ठेवल्याच्या रागाने म्हणा की कंटाळ्याने, नव्या कादंबरीच्या हस्तलिखिताचा जवळजवळ अर्धा भाग फाडून टाकला. दोन महिन्यांचं काम गेलं, आणि दुसरी प्रत नव्हती. स्टाइनबेकने त्याला माश्या मारायच्या फटक्याने नावापुरता मार दिला आणि पुन्हा लिहायला बसला. ती कादंबरी, 'ऑफ माइस अँड मेन', पुढच्या वर्षी आली आणि गाजली. पासबुक फाटलं तर बँक दुसरं देते.

आता मार. शिकवणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ कुत्र्यावर जात नाही, तो जातो मालकाच्या हातातली काठी खाली ठेववण्यात. मालक संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो, उशीचा कापूस घरभर दिसतो, आणि कुत्रं कान पाडून, नजर चोरून, पोट जमिनीला टेकवत कोपऱ्यात सरकतं. "पाहा जी, त्याले बराबर समजते आपण काय केलं ते!" हे वाक्य बेल्यापासून जैनदपर्यंत सारखंच ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकी हीच समजूत तपासली. चौदा कुत्री आणि त्यांचे मालक. मालकाने खाऊ दाखवून "खायचा नाही" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला खाऊ खायला मिळे, कधी तो उचलून घेतला जाई; आणि मालकाला खरं काय झालं ते दर वेळी सांगितलं जात नसे. निकाल असा लागला की अपराधी चेहरा अपराधावर अवलंबून नव्हताच. मालक रागावला की तो चेहरा येई, आणि ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं पण बोलणी खाल्ली, ती कुत्री सगळ्यांत जास्त अपराधी दिसली.

म्हणजे कोपऱ्यातलं कुत्रं उशीबद्दल खेद करत नसतं, ते मालकाचा चेहरा वाचत असतं. दुपारी दोन वाजता फाडलेली उशी आणि रात्री आठला बसलेली काठी यांचा संबंध त्याच्या डोक्यात जुळतच नाही. जुळतं एवढंच, की संध्याकाळी मालक घरात शिरला की मार पडतो. मग ते मालक आल्यावर लपतं, किंवा भीतीने जागीच मुततं, आणि घरात आणखी एक तक्रार वाढते. बक्षीस असो वा दटावणी, ती एक-दोन सेकंदांत पोचली तर पोचली.

बक्षिसाच्या बाबतीतही घरं गडबडतात. नामदेवांची गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही: कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. भक्तीच्या अंगाने ती गोष्ट थोरच आहे. कुत्रं शिकवणाऱ्याच्या अंगाने पाहिलं तर मात्र चोरीला तूप मिळालं. ते कुत्रं दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आलं असणार याबद्दल शंका नको. पोळ्याच्या दिवशी ताटावरची पुरणपोळी ओढणाऱ्या कुत्र्यामागे पोरं हसत, ओरडत धावतात तेव्हा तेच घडतं. पोळी तर मिळतेच, वर सगळं घर खेळायला येतं.

आदिलाबादच्या घरात आणखी एक अडचण असते. आजी मराठीत "ये रे" म्हणते, शाळेतला नातू तेलुगूत "रा" म्हणतो, बाप बाजारच्या हिंदीत "इधर आ", आणि शेजारचे काका "यू यू" करतात. कुत्रं चारही भाषा शिकू शकतं, पण आधी निदान एक तरी नीट शिकायला हवी. म्हणून इथे हाताच्या खुणा बऱ्या. कुत्री शब्दांपेक्षा माणसाच्या हाताकडे जास्त लक्ष देतात. तळवा वर उचलला की बसायचं, तळवा समोर धरला की थांबायचं, एवढं घरातल्या सगळ्यांनी सारखं केलं तरी पंधरवड्यात फरक दिसू लागतो. सगळ्यांनी, हे मात्र अवघड. आजी गुपचूप जेवताना घास टाकतेच. तिला कोण बोलणार?

खोडीचं मूळ शोधायला गेलं तर ते पुष्कळदा रिकामपणात सापडतं. पैनगंगेच्या काठच्या गावांत गावठी कुत्र्याला हाताशी काम असतं. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून जागलीला जाणाऱ्या माणसाबरोबर ते रात्रभर शेतात असतं, दिवसा ढोरांमागे फिरतं, आणि ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून दिली की तृप्त होतं. (भाकरी कुत्र्याचं अन्न नव्हे, असं शहरी माणूस सांगतो. पण लांडग्यापासून फुटताना कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी वाढल्या, हे २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. नुसत्या भाकरीवर ठेवू नये, इतकंच.) असं कुत्रं चप्पल क्वचितच फाडतं. त्याला तेवढी सवड नसते.

शहरातल्या क्वार्टरमध्ये, फाटकाच्या आत, दिवसभर एकट्या बसलेल्या जातिवंत कुत्र्याचं काय? त्याच्या पूर्वजांनाही कामासाठीच घडवलं होतं. लॅब्राडोरला शिकाऱ्याने पाडलेलं पाखरू तोंडात अलगद धरून आणायचं काम होतं; आता पाखरं नाहीत, तर तो मोजे आणतो. डॅशहाउंड बिळात शिरून बिज्जूच्या मागे लागायचा, तो तुळशीची कुंडी उकरतो. जर्मन शेफर्ड मेंढ्या वळवायचा, तो घरातल्या पळणाऱ्या पोरांच्या टाचांना तोंड लावतो. त्यांना सकाळ-संध्याकाळ चालवलं, लपवलेली वस्तू वासाने शोधायला लावली, जेवण ताटलीत न देता अंगणात विखरून दिलं, तर निम्म्या खोड्या गळून पडतात. उरलेल्या निम्म्यांसाठी धीर लागतो, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तोही आटतो. त्या दिवसांत दुपारी कुत्र्याला डांबरी रस्त्यावर नेऊ नये. त्याचे तळवे भाजतात.

देशी शिकारी कुत्रं घ्यायचं म्हणून कुणी 'मुधोळ'चं नाव काढलं की जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात हमखास घोटाळा होतो. इथलं मुधोळ बासरजवळचं, २०१६ च्या विभाजनानंतर निर्मल जिल्ह्यात गेलेलं. कुत्र्याचं मुधोळ कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या संस्थानाचं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत ते आहे. सडपातळ, देखणं आणि वाऱ्यासारखं धावणारं हे जनावर दोन खोल्यांत ठेवणं म्हणजे त्याच्यावर आणि खोल्यांवर, दोघांवरही अन्याय. किनवटच्या पुढे माहूर जवळ, त्यामुळे इथल्या देव्हाऱ्यांत दत्ताची तसबीर असतेच. तिच्यातली चार कुत्री इतकी शहाणी उभी असतात की ती पाहून पिल्लू आणायची इच्छा व्हावी. पण दत्त दिवसभर भ्रमंती करतात, हे विसरता कामा नये.

लहानपणी काय पाहिलं, याचं वजन कुत्र्याच्या आयुष्यात फार. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाला जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला जगाचा भाग वाटतं; नंतर भेटलेलं सगळं आधी संशयास्पद. दिवाळीच्या सुमारास गोंड वस्त्यांत दंडारी सुरू होते, गुस्साडी नाचत गावोगाव फिरतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर हरणाचं कातडं, घुंगरं, वर ढोलांचा गजर. या नाचासाठी मर्लवाईच्या कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जैनूर-उटनूरकडची गावठी कुत्री हे दर वर्षी पाहतात आणि शेपूट हलवत मागे फिरतात. शहरातून पाहुणं आलेलं कुत्रं मात्र पलंगाखाली शिरतं नाहीतर साखळी तोडतं. मोरपिसांचं राहो, कातड्याच्या वासानेच त्याचं डोकं फिरलेलं असतं.

फटाके ही याहून कठीण गोष्ट. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. दिवाळीच्या रात्री पळून गेलेली कुत्री शोधताना जी माणसं भेटतात, त्यांतली बरीचशी "फाटक लोटलेलं होतं" एवढंच सांगतात. लोटलेलं, लावलेलं नव्हे.

काही खोड्यांना हसून चालत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर मंडलात येतात, हे इथल्या लोकांना बातमीतून कळायला लागत नाही. बिबट्याला तर कुत्रं विशेष प्रिय. नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला. भुंकतं म्हणून त्याला रात्री अंगणात साखळीने बांधणं म्हणजे बिबट्यासाठी ताट मांडून ठेवणं. कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली गोठ्यात जमिनीवर राहिली तर तीही पिल्लू चावून पाहतं. घरातलाच शिरा घ्या: त्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, कांदा-लसूण त्याच्या रक्ताला.

आणि दात. पिल्लाने खेळताना पोराच्या हाताला ओरखडा काढला तर घरात हळद लावतात, कुठे चुना, कुठे तिखट. यातलं काहीच लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावं. रक्त न आलेला ओरखडासुद्धा डॉक्टरांना दाखवावा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दर वर्षी, यात सवलत नाही. आपलं कुत्रं दुसऱ्याला चावू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा तर गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. "आमचा टायगर काही करत नाही" हे वाक्य तिथे कामाला येत नाही.

या जिल्ह्याची खास म्हणावी अशी खोडी दसऱ्यानंतर सुरू होते. वेचणीचा कापूस घरात येतो. भाव चढायची वाट पाहत एक अख्खी खोली छतापर्यंत भरते, आणि थंडीत याहून ऊबदार जागा कुत्र्याला सात जन्मांत मिळणार नसते. पहाटे दवात लोळून आलेलं ओलं अंग घेऊन ते थेट गंजीवर चढतं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर कापूस परत. एका कुत्र्याने गाडीभर मालाचा ओलावा वाढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी बाजार समितीत मीटर माल नाकारतो तेव्हा रात्री घरी शिव्या कुत्र्यालाच बसतात.

शिकवणारा अशा घरात गेला की पोत्यात कवडी कापूस भरून दाराशी त्याचं वेगळं अंथरूण करायला सांगतो. त्यावर झोपलं की लगेच तिथेच तुकडा द्या, गंजीवर चढलं तर न ओरडता उतरवा, आणि खोलीच्या दाराला आडवी फळी लावा. कुत्रं पोतं हुंगतं, दोनदा गोल फिरतं, तुकडा खातं आणि फळीवरून उडी मारून परत गंजीवर जातं. मालक हात उगारतो, तेवढ्यात चुलीपासून आजीचा आवाज येतो: "त्याले काय बोलता जी? भाव चढेस्तोवर राखण करून राह्यला ना तो!"