दिवा विझला, दोष राहिला

शाळेंत ३२ वर्षें अध्यापन केल्यावर मनुष्यास दोन खोडी जडतात: दुसऱ्याच्या चुका शोधण्याची आणि आपली चूक मान्य न करण्याची. त्यांपैकीं दुसरीचें प्रायश्चित्त आम्हांस गेल्या हिंवाळ्यांत घरच्या डिझेल मोटारीनें दिलें.

गाडी नऊ वर्षांची. ती बहुधा आमची सूनबाईच चालविते. मुलांस शाळेंत पोंचवून ती तशीच कामावर जाते. एके दिवशीं ती म्हणाली, "मामंजी, सकाळीं गाडी सुरू करतांना दोन-तीन क्षण आंतून साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो. शिवाय इंजिनाचा पिंवळा दिवाहि लागला आहे."

आम्ही वर्तमानपत्रांतून मान वर न काढतां उत्तरलों, "अगं, डिझेलचें इंजिन आवाज करावयाचेंच!" चिरंजीवांनीं गाडी एका दुकानीं नेली. तेथील इसमानें यंत्र जोडून दिवा तेवढा विझविला. आम्ही संतुष्ट झालों. पांचव्या दिवशीं दिवा पुन्हां लागला.

पुढल्या आठवड्यांत सर्व मंडळी पुण्याहून ताम्हिणी घाटानें कोंकणांत जावयाची होती. सूनबाई नम्रपणें, पण निश्चयानें म्हणाली, "मुलांना आणि सासूबाईंना घेऊन या गाडीनें मी घाट उतरणार नाहीं." आमच्या घरीं वडील माणसांपुढें असा शब्द क्वचितच निघतो. आम्हांस राग आला, हें लपवीत नाहीं.

अखेर गाडी जुन्या ओळखीच्या एका मेस्त्रीकडे गेली. रात्रभर थंड राहिलेली गाडी त्यानें सकाळीं आमच्या समक्ष सुरू केली, आणि तो आवाज आम्हीं प्रथमच कान देऊन ऐकला. मेस्त्रीनें समजाविलें तें असें: इंजिनांत खालीं दट्ट्यांच्या जोरानें फिरणारा एक दांडा असतो, व वर झडपा उघडणारा दुसरा. खालच्याचे दोन फेरे होतात तेव्हां वरच्याचा एक. हा मेळ टायमिंग चेन राखते. ही साखळी रबरासारखी ताणली जात नाहीं; तिचा एकेक सांधा केंसभर झिजतो व सर्वांची झीज मिळून ती लांब होते. तिला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रीं तेल खालीं उतरतें, म्हणून सकाळीं दाब येईपर्यंत सैल साखळी खळखळते. दोन्ही दांड्यांचा मेळ चुकूं लागला कीं सेन्सरांस तें कळतें व पिंवळा दिवा लागतो. साखळीनें चक्राचे दांते ओलांडले, तर दट्टे झडपांवर आदळून इंजिन जागच्या जागीं निकामी होतें. मग तो घाट कां असेना!

"तेल केव्हां बदललें होतें?" त्यानें विचारिलें. आम्ही निरुत्तर. डिझेलच्या इंजिनांत काजळी तेलांत उतरते, आणि असें जुनें तेल सांध्यांस झिजवितें. 'गाडी फारशी धांवत नाहीं' या सबबीवर दोन वर्षें तेल न बदलण्याची काटकसर आमचीच होती.

साखळी, टेन्शनर, तिच्या मार्गपट्ट्या व दंतचक्रें हीं सर्व एकदमच बदलावीं लागलीं. खर्च मोठा झाला, पण नव्या इंजिनापेक्षां पुष्कळच कमी. कोंकणची वारी पंधरा दिवस लांबली, एवढेंच.

गृहस्थांनीं इतकें ध्यानांत धरावें. किल्ली फिरवितांच सर्व दिवे लागून थोड्या वेळांत विझतात, ती त्यांची परीक्षा होय. पिंवळा दिवा लागलेलाच राहिला, तर लौकर तपासणी करावी. तेलाच्या झारीचें चित्र असलेला तांबडा दिवा वाटेंत लागला, तर गाडी सुरक्षित जागीं घेऊन तत्काळ इंजिन बंद करावें. दिवा विझविणें म्हणजे दोष काढणें नव्हे.

ज्याच्या हातीं गाडी रोज असते, त्यासच तिचा बदललेला आवाज प्रथम कळतो. वयाचा अधिकार तेथें उपयोगी पडत नाहीं. असो. तेल बदलण्याची तारीख कालदर्शिकेवर लिहून ठेवण्याचें काम सूनबाईनें आतां आमच्याकडे सोंपविलें आहे. तें आम्ही चुकवीत नाहीं.