घाटावरचे समुद्रपक्षी

कडे आणि समुद्रपक्षी पाहायचे तर कोकणात उतरावे, असा आपणा पुणेकरांचा समज. गेल्या माघात आम्ही उभयता मात्र शिरूर-दौंडच्या वाटेने गेलो आणि दोन्ही घाटावरच पाहून आलो.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी कुकडीच्या अलीकडे, निघोज पलीकडे. मधल्या घळीत नदीने काळ्या पाषाणाची काय दशा केली आहे! भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षे गरगरत राहिले आणि त्यांनी सरळसोट कड्यांच्या पायथ्याशी खडक कोरून काढला. भूगोलाचे पुस्तक यांना रांजणखळगे म्हणते, गावकरी कुंड म्हणतात. मला गावकऱ्यांचा शब्द आवडला. काठ निसरडे आहेत. मुलांचा हात सोडू नये.

कुकडीचे पाणी घोडनदीत जाते, घोडनदीचे भीमेत. भीमेच्या कडेकडेने दौंड ओलांडून भिगवणकडे गेलो, की नदी नदी राहतच नाही. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि पाणी थेट येथवर फुगत आले.

नावेत बसताच पांढरे कुरव डोक्यावर घिरट्या घालू लागले. उन्हाळ्यात मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी घरटी करणारे हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात. त्यांना शेव उधळण्याची हौस हल्ली फार बोकाळली आहे. कुरवांनी मासे खावेत, शेव आपण खावी! दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी धरून गाळ चाळीत होते.

"रोज हे पाहायला मिळते, भाग्यवान आहात," मी नावाड्याला म्हणालो.

"गुर्जी, आत्ता आपन आमच्या मळ्यावर हाय," तो म्हणाला. "आज्याची हीर हितंच खाली हाय."

पाणी फार आटले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते, हे मी वाचले होते. विहिरी वर आल्याचे कोणी लिहीत नाही.

"आन् पानी तुमच्या पुन्याचं येतं," तो पुढे म्हणाला. स्वरात राग नव्हता. खरेच होते ते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, ती शहराचे सांडपाणी घेऊनच. सौभाग्यवतींनी पाण्यात सोडलेला हात हळूच वर घेतला.

नावाड्याने इंजिन बंद केले. वाऱ्याने नाव थोडी वळली आणि रोहितांचा अख्खा थवा उठला. तांबडे पंख एकदम उघडले. नावाडीही मान वर करून पाहत राहिला.