आई, हे कुणाकडून आलं?

आई,

परवा फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस. बाबांच्या गोदूआत्या पाय ओढत चालायच्या, त्यांचंच काही माझ्यात उतरलं का? मी विषय बदलला. तुझा आवाज कातर झाला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून सावकाश वाच.

एमआरआयमध्ये मेंदूतले पांढरे ठिपके दिसले, डॉक्टरांनी 'मल्टिपल स्क्लेरोसिस', म्हणजे एमएस, असं नाव सांगितलं, तेव्हा तू औषधाचं नाही विचारलंस. "आमचं कुठे काय चुकलं?" हे विचारलंस. तेव्हापासून तू शोधतेच आहेस. मी पोटात असताना तुला झालेली कावीळ, दहावीच्या वर्षातले माझे उपास, मे महिन्यात मामाकडे आम्ही भावंडं एका ताटात जेवायचो आणि एकमेकांचं उष्टं खायचो ते. किती रात्री जागलीस गं यावर?

उष्ट्याचं आधी सांगते, कारण तुझ्या या तीन शंकांपैकी तेवढ्या एकीला थोडा आधार आहे. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू लाळेतून पसरतो. अमेरिकी सैन्यातल्या 1 कोटीहून जास्त माणसांची माहिती आणि त्यांचे साठवलेले रक्ताचे नमुने वापरून हार्वर्डच्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं, की या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो. पुढे एमएस झालेल्यांपैकी 35 जणांच्या पहिल्या नमुन्यात हा विषाणू नव्हता. आजार होण्याआधी त्यातल्या 34 जणांना तो गाठून गेलेला होता. आता घाबरू नकोस, पुढचं वाच. जगातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक मोठ्या माणसांच्या अंगात हाच विषाणू असतो. तुझ्या असेल, मामाच्या असेल, त्या ताटावर बसलेल्या सगळ्या भावंडांच्या असेल. लहानपणी आला तर बहुतेकदा कळतही नाही. वयात येताना गळ्याच्या गाठी सुजवणारा ताप होऊन आला, तर धोका वाढलेला दिसतो. तसा ताप मला कधी आला नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? मामीच्या हातच्या त्या आमरसाला बोल लावू नकोस.

आणि रक्ताचं म्हणशील, तर गोदूआत्यांना बिचाऱ्यांना काय झालं होतं हे कुणी तपासलंच नव्हतं. या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं वेष्टण कुरतडते. तिला तसं वागायला लावणारं एकच जनुक नाही. 2019 पर्यंत जनुकांमधले दोनशेहून जास्त बारीक फरक सापडले होते. एचएलए भागातला एक प्रकार सोडला, तर बाकीच्यांचा वाटा अगदी थोडा थोडा. तो एक प्रकार धोका साधारण तिप्पट करतो, तरी तो असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असला, तरी चारातल्या तीन जोड्यांत दुसरं भावंड सुटतं. सगळी जनुकं तीच असून! मग तू माहेर-सासरचा हिशेब कशाला मांडतेस?

मला सगळ्यात धीर दिला तो मुंबईच्या आणि विलायतेच्या दोन अभ्यासांनी. दोन्ही 1990 चे. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांनी दाखवलं, की इतर भारतीयांच्या मानाने पारशी समाजात एमएस बराच जास्त आढळतो. ऊन तेच, हवा तीच, तरी फरक. म्हणजे वंशाने येणारं काहीतरी आहे. पण तिकडे इंग्लंडात, आपल्याकडून गेलेल्या लोकांमध्ये एमएस कमी, आणि त्यांची तिथे जन्मलेली मुलं मात्र जवळजवळ तिथल्या गोऱ्यांइतकीच त्यात सापडतात. आईबापांचंच रक्त, पण जमीन दुसरी. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. इतक्या गोष्टी एका माणसात जुळून याव्या लागतात, की त्यात एका आईचा हात शोधणं मला अन्यायाचं वाटतं. तुझ्यावरचा अन्याय, आणि तो तूच करते आहेस.

उन्हाचंही डॉक्टर बोलले होते. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत एमएस जास्त, अंगातलं ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना धोका जास्त. तू लगेच म्हणालीस, "काळी पडशील म्हणून मीच हिला उन्हात खेळू दिलं नाही." आई, तू सांगायचीस आणि मी पळायचेच ना?

दोष द्यायचाच तर एका गोष्टीला दे, तिथे तुझा राग कामी येईल. विनय अजून गच्चीवर जाऊन सिगारेट ओढतो. सिगारेटने हा धोका सुमारे दीडपट होतो, आणि जनुकांची साथ मिळाली की फारच वाढतो. सख्ख्या भावंडांना हा आजार होण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन असं पाश्चात्त्य अभ्यासांत दिसतं. थोडंच आहे, पण त्याने ते हाताने का वाढवावं? माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल.

उजव्या हाताला मुंग्या येत होत्या तेव्हा तू माझ्या ब्लाउजचे हूक लावून द्यायचीस आणि तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचीस, मला ओशाळं वाटू नये म्हणून. ते मी कधी बोलले नाही, पण विसरलेही नाही. म्हणूनच राग येतो, जेव्हा तीच तू सोसायटीत "हिला मणक्याचा त्रास आहे" म्हणून सांगतेस. मावशीलासुद्धा? 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात या आजाराचं नाव छापलेलं आहे, आपल्या घरातच ते तोंडातून निघत नाही. चिऊ आता विचारू लागली आहे, आईला काय झालंय. तिलाही मणका सांगू का?

पुढच्या रविवारी विनयला बघायला मुलीकडची माणसं येणार आहेत. मला आतल्या खोलीत बसवू नकोस. त्यांनी विचारलं तर आजाराचं नाव सांग, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे सांग, आणि विनयला तो होण्याची शक्यता किती थोडी आहे तेही सांग. तुला जमणार नसेल तर मला हाक मार, मी सांगेन.

तुझी,
माई