आधी रिकामे करता आले पाहिजे

कॅडेट मित्रांनो, रेंजवर तुमच्यापैकी कोणी ना कोणी मला विचारतोच, "उस्ताद, सगळ्यात चांगले पिस्तूल कोणते?" मी उलट विचारतो, "कोणाच्या हातासाठी?" तुम्हाला वाटते, उस्तादांनी प्रश्न टाळला. तो टाळलेला नाही. या वर्षी स्वतःच्या हातासाठी मला त्याचे उत्तर शोधावे लागले, म्हणून आता सविस्तर लिहितो.

माझे वय ६६. पायदळातील नोकरीची बरीच वर्षे जवानांना हत्यार शिकवण्यात गेली. आता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज झाली आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितले की चिमटीत एखादी वस्तू घट्ट धरली, की बोटांच्या टोकाशी जेवढा जोर लागतो त्याच्या कित्येक पट दाब अंगठ्याच्या मुळाशी पडतो. म्हणून लोणच्याच्या बरणीचे झाकण, ओला टॉवेल, शर्टाचे वरचे बटण, अशी साधी कामेच आधी अडतात. सकाळी हात आखडलेला असतो, दुपारपर्यंत मोकळा होतो. गावाबाहेर माझे घर आहे आणि तिथे परवान्याचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला : हेच ठेवायचे, दुसरे घ्यायचे, की काहीच ठेवायचे नाही?

पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला : "हात अशक्त झाला ना, मग छोटे, हलके घ्या." ऐकायला बरोबर वाटते. पण तुमचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने शस्त्र मागे येते. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन दुप्पट केले, तर शस्त्राचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही निम्मी होते. म्हणजे ५०० ग्रॅमचे शस्त्र एक किलोच्या शस्त्रापेक्षा दुप्पट धक्का देणार, आणि तो धक्का नेमका अंगठ्याच्या मुळाशी बसणार. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यातून 'निर्भीक' हे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन साधारण ५०० ग्रॅम. रोज पर्समध्ये बाळगायचे असेल, तर हलकेपणा हा गुणच. पण माझे शस्त्र घरात कुलुपात असते, मला ते कमरेला लावून फिरायचे नाही. दुखऱ्या हाताला वजन उपयोगीच पडते, फक्त ते दोन्ही हातांनी स्थिर धरता आले पाहिजे.

दुसरा सल्ला होता पिस्तुलाचा. सैन्यात माझा हात ९ मिमी पिस्तुलावर बसलेला. पण ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे. साध्या परवानाधारकाने पाहायचे ते ०.३२ किंवा ०.२२. इथे एक गोष्ट उलटी आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. बोअर लहान म्हणजे स्लाइड ओढायला हलकी, असे नाही. ९ मिमी पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात, म्हणून स्प्रिंग फार कडक लागत नाही. लहान बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत अशी अडकण नसते. तिथे स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच मागचे तोंड बंद राहते. म्हणून स्प्रिंग कडक ठेवतात, आणि काडतूस लहान असूनही स्लाइड हट्टी निघते. त्यात मॅगझिन भरताना शेवटची दोन काडतुसे अंगठ्यानेच दाबावी लागतात.

यावर युक्त्या आहेत. स्लाइड चिमटीत धरून ओढण्याऐवजी डाव्या हाताच्या पूर्ण पंजाने वरून धरायची, शस्त्र छातीजवळ आणायचे आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. बोटांचे काम खांद्यावर जाते. बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात तो आधी मागे घेतला, की स्लाइडवरचा थोडा ताण कमी होतो. या युक्त्या मी जवानांना शिकवल्या आहेत. पण हे सगळे करताना नळीचे तोंड एकाच सुरक्षित दिशेला राहिले पाहिजे. आखडलेल्या हाताने झटापट करताना नळी नकळत बाजूला वळते. रेंजवर ज्या गोष्टीसाठी मी जवानाला रांगेबाहेर काढले असते, ती घरात स्वतःला माफ कशी करणार? म्हणून पिस्तूल बाद.

उरले रिव्हॉल्व्हर. स्लाइड नाही, मॅगझिन नाही. पण इथे सगळा भार चापावर येतो. घोडा न चढवता चाप ओढायचा तर सहसा पाच किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त जोर लागतो. आधी अंगठ्याने घोडा चढवला, तर त्याच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो. मग घोडा चढवूनच का वापरू नये? कारण गोळी झाडायची वेळ आली नाही, तर चढवलेला घोडा सावकाश उतरवावा लागतो, आणि भरलेल्या शस्त्रावर ते काम करायचे ते त्याच दुखऱ्या अंगठ्याने. अंगठा निसटला की गोळी सुटली. त्यामुळे मी नियम केला : घोडा न चढवता चाप ओढता आला, तरच ते शस्त्र माझे.

मित्रांनो, इथवर सगळा हिशोब गोळी झाडण्याचा झाला. शस्त्र निवडताना बहुतेक लोक एवढाच हिशोब करतात. पण घरातले शस्त्र वर्षानुवर्षे एकदाही झाडावे लागत नाही, आणि लागू नये. रिकामे मात्र ते अनेकदा करावे लागते : साफसफाईला, प्रवासाला निघताना, नातवंडे सुट्टीला येणार असताना, निवडणुकीच्या वेळी जमा करायचा आदेश आला तर. ज्याला शस्त्र चालवता येते पण खात्रीने रिकामे करता येत नाही, त्याच्या घरात ते त्याच्याच माणसांसाठी धोका आहे. म्हणून पहिला प्रश्न रिकामे करण्याचा. चालवण्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

मी सात दिवस परीक्षा घेतली. सहा डमी काडतुसे, खरी वेगळ्या खोलीत कुलुपात. वेळ सकाळी सहाची, कारण दुपारचा मोकळा हात पाहून केलेली निवड दुपारपुरतीच खरी. माझे जुने रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडणारे आहे. खटका अंगठ्याने दाबला की नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसे एकदम वर येतात. रचना उत्तम. पण खटका नेमका उजव्या अंगठ्याच्या वाट्याला येतो. सात सकाळींपैकी दोन सकाळी तो माझ्याने दबला नाही. चाप सातही दिवस सहा-सहा वेळा ओढता आला. म्हणजे माझा हात गोळी झाडू शकत होता, पण शस्त्र रिकामे करू शकत नव्हता. याहून वाईट स्थिती कोणती?

मग परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो, तेही दुकान उघडताच, हात आखडलेला असतानाच. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची रिव्हॉल्व्हरे पाहिली. २०२३ मध्ये आलेले 'प्रबल' त्याच रचनेचे आहे, वजन सुमारे ७०० ग्रॅम. या रचनेत खटका हलका असेल, तर सिलिंडर डाव्या हाताच्या बोटांनी बाहेर ढकलता येतो आणि पुढची दांडी तळहाताने मागे दाबून काडतुसे काढता येतात. अंगठ्याला जवळजवळ सुट्टी मिळते. मूठ थोडी जाड आणि रबराची असावी, हेही तिथेच कळले. दुखऱ्या बोटांना पूर्ण मिटावे लागत नाही आणि धक्का तळहातभर पसरतो. परवानगीचे सोपस्कार करून मी तसे जड, बाजूला उघडणारे शस्त्र घ्यायचे ठरवले आहे.

काही जण म्हणतील, सैनिकाने जिद्दीने जुनेच हत्यार चालवावे. त्यांना हंगेरीच्या कारोली टाकाच यांची गोष्ट आठवत असेल. सैन्यात असलेल्या या नेमबाजाच्या उजव्या हातात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटला. तरी १९४८ मध्ये लंडनला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. पण जिंकले ते डाव्या हाताने. निकामी झालेल्या हाताशी ते भांडत बसले नाहीत. चांगल्या हाताला त्यांनी पहिल्यापासून शिकवले. जिद्द कुठे लावायची, हे आधी ओळखावे लागते.

आणि हेही शस्त्र कायमचे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, की यातले जे आधी होईल त्यानंतर तो ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. मी ७० ची वाट पाहणार नाही. डायरीत अट लिहिली आहे आणि मुलाला वाचून दाखवली आहे : दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी सहाला, सहा डमी काडतुसे. भरायची, सहा वेळा चाप ओढायचा, रिकामे करायचे. दोन महिने लागोपाठ जमले नाही, तर शस्त्र विक्रेत्याकडे जमा. त्या दिवशी माझ्याशी कोणी वाद घालायचा नाही, मी स्वतःसुद्धा नाही. आयुष्यभर कोतमध्ये हत्यार जमा करून सही केली आहे. शेवटची सहीसुद्धा तशीच करता येईल.

पालकांना एक विनंती. तुमच्या घरी वडिलांचे किंवा सासऱ्यांचे परवान्याचे शस्त्र असेल, तर त्यांना "आता तुमच्याने होत नाही" असे म्हणू नका. एवढेच विचारा, "दादा, सकाळच्या वेळी हे रिकामे करता येते का? एकदा डमी काडतुसे घालून पाहू या." बरेच जण स्वतःच खरे उत्तर देतील. कॅडेट मित्रांनो, तुम्ही मात्र घरच्या शस्त्राला हात लावायचा नाही. प्रश्न विचारायचा आणि बाजूला उभे राहायचे.