टायरचं वय

धाकट्या भावाने गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली. बकरी ईदला अम्मीला घेऊन मुंबईहून चिपळूणला जायचं ठरलं. पावसाचे दिवस, वाटेत घाट. "भाईजान, टायर बघा, नक्षी कशी खोल आहे!" तो खुशीत म्हणाला. नक्षी खोल होतीच. पण टायरच्या कडेवर 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे होते १११५, म्हणजे २०१५ सालचा अकरावा आठवडा. गाडी फारशी फिरली नव्हती. रबर मात्र उभ्या उभ्याही कडक होतं. कडांना बारीक चिरा पडल्या होत्या.

चार टायरांचा भाव ऐकून त्याचा चेहरा उतरला. ईदचा खर्च तोंडावर होता. शेवटी आम्ही एसटीने गेलो. टायर दोन महिन्यांनी, पैसे जमल्यावर बदलले.

गोटा झालेला टायर सगळ्यांना कळतो. म्हातारा झालेला कळत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवावेत. नक्षी १.६ मिलिमीटरवर येण्याआधीच ते बदलावेत. दोनच नवे परवडत असतील तर मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी गर्रकन फिरते. हवा टायर थंड असताना, दारालगतच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढीच भरावी. स्टेपनीचेही आकडे वाचावेत.

गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. त्यावर आपण घरची माणसं बसवतो. टायरचं वय विचारायला लाज कसली?